गोदाकाठची वारसाफेरी : पुणे ते नाशिक, प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, पुणे

नाशिक पक्के झाले. गोदावरीचे दोन्ही काठ, पायी, एका सकाळी. शनिवारी पुण्याहून निघायचे, नाशिकला मुक्काम, रविवारी फेरी आणि जेवण उरकून परत. अंतर साधारण २१० किलोमीटर आहे, पण वेळ अंतरावर ठरत नाही, चाकणवर ठरते. शनिवारी दुपारी उशिरा चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात सापडलो की पुढचे सगळे वेळापत्रक तास-दीड तासाने घसरते. म्हणून वाकडेवाडीतून सकाळी साडेदहाला गाडी हलवायची.

गट १८ जणांचा. शिवाय आपले तिघे: एक सांगणारा, एक सगळ्यांच्या मागे चालणारा, आणि एक थांबा येण्याआधी पुढे जाऊन जागा मोकळी आहे का ते बघणारा. या तिसऱ्या माणसाला काम नसते असे वाटते, पण दाट वस्तीतली फेरी त्याच्याच जिवावर चालते. अठराच्या वर संख्या नको. बोळात एकामागे एक चालताना एवढ्या माणसांची रांग वीस-पंचवीस मीटर होते, आणि त्यापुढे सांगणाऱ्याचा शेवटच्या माणसाशी संबंध राहत नाही.

पहिला आराखडा अकरा थांब्यांचा आहे: सुंदरनारायण, अहिल्याबाई होळकर पूल, रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, गोरेराम, नारोशंकर, सरकारवाडा, तिवंधा चौक, काझीची गढी. हिशेब असा निघाला: प्रत्येक थांब्यावर बोलणे ८ मिनिटे, सगळे जमायला आणि पुन्हा हलायला ४ मिनिटे, म्हणजे अकरा थांब्यांना १३२ मिनिटे. चाल ४ किलोमीटर. गर्दीतल्या गटाचा वेग ताशी अडीच किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे ९६ मिनिटे. एकूण पावणेचार तास, तेही चहा न घेता. हे चालणार नाही. तिसरा तास उलटला की माणसे ऐकणे सोडतात, सावली शोधतात.

जमायच्या चार मिनिटांचा हिशेब नेहमी विसरला जातो. कागदावर दोन तासांची फेरी प्रत्यक्षात तीन तासांची होते ती याच कारणाने.

५ ऑक्टोबर, पुणे

थांबे कमी करायचे तर कोणते, यावर बराच वेळ गेला. प्रत्येक देवळाच्या बाजूने बोलायला काही ना काही आहे. अडचण अशी की अकरा देवळांची यादी म्हणजे फेरी नव्हे. एका ठिकाणाहून दुसरीकडे का जायचे, याचे उत्तर चालणाऱ्याला वाटेतच मिळाले पाहिजे.

ते उत्तर पाण्यात आहे. नाशिकची गोदावरी पश्चिमेकडून येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. नदी दक्षिणवाहिनी होते त्या जागेला तीर्थाचे महत्त्व आले. त्या वळणाभोवती पंचवटी वसली, समोरच्या काठावर जुने नाशिक. घाट, देवळांची जोती, बाजाराची जागा, गढीची उंची, सगळे पुराचा अंदाज घेऊन बसलेले आहे. तेव्हा फेरीचा धागा एकच: पाणी कुठपर्यंत येते आणि माणसाने त्याची खूण कशी ठेवली.

पुणेकरांना हे समजवायला वेगळी तयारी लागत नाही. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले आणि भिडे पूल बुडाला का, हे इथे पावसाळ्यात पोरासोरांना ठाऊक असते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण अजून घराघरात सांगितली जाते. नाशिकमध्ये खडकवासल्याच्या जागी गंगापूर धरण घ्यायचे आणि भिडे पुलाच्या जागी दुतोंड्या मारुती.

दुतोंड्या मारुती आपल्या पहिल्या यादीत नव्हताच, कारण ते मोठे देऊळ नाही. गोदापात्रातली ही उभी मूर्ती नाशिककरांची पूरमापक पट्टी आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत पूर सांगितला जातो. हा थांबा आत आणला. सीतागुंफा, गोरेराम आणि तिवंधा चौक बाहेर गेले. कपालेश्वर रामकुंडाच्या थांब्यातच सांगायचा: महादेवासमोर नंदी नाही, ही त्याची प्रसिद्ध खूण आणि तिची कथा दोन मिनिटांत होते.

सीतागुंफा सोडताना वाईट वाटले, पण कारण साधे आहे. आत उतरायची वाट अरुंद, एका वेळी एकच जण वाकून जातो. अठरा माणसांना रांगेसकट पाऊण तास लागेल. ज्यांना जायचे असेल त्यांनी दुपारी आपापले जावे, वाट सांगून ठेवू.

आता आठ थांबे, चाल सव्वातीन किलोमीटर. बोलणे आणि जमणे ९६ मिनिटे, चाल ७८, चहा २०. तीन तास चौदा मिनिटे.

१२ ऑक्टोबर, पुणे

गढीच्या थांब्याची तयारी पुण्यातच होते, कारण ती उकरली पुण्याच्या माणसांनी. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी, म्हणजेच काझीची गढी, आणि संगमनेरजवळचे जोर्वे इथे उत्खनन केले. गढीच्या तळाशी ताम्रपाषाणयुगाचे थर, त्यावर उत्तरी काळ्या चकचकीत भांड्यांचा आणि सातवाहनांचा काळ, आणि वर चढत मुसलमानी-मराठा काळापर्यंत वस्ती. नाशिकचे वय कुणी विचारले तर दाखवायला सगळ्यात ठोस जागा हीच.

जोर्वे प्रवरेकाठी आहे. पुणे-नाशिक गाडी संगमनेरवरून जातेच, तेव्हा जोर्व्याची ओळख गाडीतच करून द्यायची, दहा मिनिटे. ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचे नाव ज्या गावावरून पडले त्याच्या जवळून आपण जातो आहोत, हे कळले की गढीपाशी पोचेपर्यंत माणसांच्या मनात मातीचे थर तयार असतात.

हातात द्यायला एक वस्तू हवी. जोर्व्याचे ओळखीचे भांडे म्हणजे टोटीचे. लाल अंग, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, पोटाला मधोमध धारदार कंगोरा, आणि खांद्यातून तिरकी वर निघालेली टोटी. कुंभाराकडून याची प्रतिकृती करून घ्यायची, उंची वीतभर. टोटीचा सांधा हा कमकुवत भाग आहे. भांडे आणि टोटी दोन्ही अर्धवट वाळलेली, चामड्यासारखी झाली असतानाच जोडायला हवीत. भांडे वाळून गेल्यावर टोटी लावली की आव्यात सांध्याला तडा जातो, कारण ओली टोटी नंतर आकसते आणि वाळलेले अंग आकसत नाही. पहिला नमुना नेमका असाच गेला. दुसऱ्यासाठी तीन नग सांगितले आहेत, एक तरी धड येईल.

९ नोव्हेंबर, नाशिक (पहिली पाहणी)

शनिवार-रविवार दोन्ही दिवस वाट दोनदा चाललो, एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी चारला.

उजेड. पंचवटी पूर्वेच्या काठावर, जुने नाशिक पश्चिमेच्या. सकाळचे ऊन पंचवटीच्या मागून येते आणि पश्चिमेच्या काठावर पडते. म्हणून सकाळी सुंदरनारायण उजळलेला असतो आणि नारोशंकराची नदीकडची बाजू सावलीत. फेरी सुंदरनारायणापासून सुरू करायची हे यावरूनच ठरले. नारोशंकरापाशी पोचेपर्यंत नऊ वाजतात, ऊन वर आलेले असते, कोरीव काम दिसू लागते आणि उभे राहायला सावलीही मिळते.

सुंदरनारायण १७५६ चा, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेला. २१ मार्चच्या सुमारास सूर्योदयाचे किरण थेट मूर्तीवर पडतात. इथला दगड बराच झिजलेला आहे आणि त्यामुळे दुरुस्तीचे काम हाती घ्यावे लागले. काळा दगड अमर हा समज इथे दूर करता येतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये बारीक पोकळ्या असतात, काहींत पांढरी खनिजे भरलेली. पाणी मुरते, खनिज सुटते, पृष्ठभाग पापुद्र्याने निघतो. जवळून बोट दाखवले की लगेच कळते.

पूल. आजचा अहिल्याबाई होळकर पूल म्हणजे पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. गंगापूर धरणातून पाणी सुटले की बातम्यांत येणारा ‘होळकर पुलाखालचा विसर्ग’ हाच. पुलावर थांबून बोलता येणार नाही, वाहने अंगावर येतात. पुलाआधीच, सुंदरनारायणाच्या बाजूला कडेला उभे राहून सांगायचे आणि मग न थांबता ओलांडायचे.

रामकुंड. इथे आराखडा चुकीचा होता. खालच्या पायऱ्यांवर गट उभा करायचे लिहिले होते. सकाळी आठला त्याच पायऱ्यांवर दशक्रिया, पिंडदान, अस्थिविसर्जन चालू असते. ताम्हन, दर्भ, भाताचे पिंड, मुंडण करून बसलेले मुलगे. कुणाच्या तरी घरातले माणूस नुकतेच गेलेले असते. तिथे अठरा जणांनी कोंडाळे करून उभे राहणे आणि मोबाइल वर धरणे योग्य नाही. थांबा वर हलवला, माइक बंद, पाच मिनिटे, फोटो नाहीत. ज्यांना खाली जाऊन हातपाय धुवायचे त्यांनी दोघा-दोघांनी जावे. नियम फॉर्मवरच छापायचा आणि गाडीत पुन्हा सांगायचा.

पायऱ्यांबद्दल: पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असते. चामडी तळव्याची चप्पल तिथे हमखास घसरते. रबरी तळवा, मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात सोयीची, कारण काळारामात काढावीही लागते.

बाजार. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो. रविवारी तो त्रास नाही, पण शाळांसाठी मधल्या वारी फेरी ठेवायची झाली तर बुधवार वगळायचा. आणि एक: नाशिककर नदीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडावर. रस्ता विचारताना ‘गोदाघाट’ म्हटले की समोरचा ओळखतो की हे बाहेरगावचे.

१६ नोव्हेंबर, पुणे

सांगायच्या मजकुराला आज बसलो. नाशिकसारख्या गावात श्रद्धा, लेखी पुरावा आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट एका वाक्यात गुंफली जाते आणि मग ऐकणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटतात. त्यासाठी तीन क्रियापदे ठरवली: ‘म्हणतात’, ‘लिहिले आहे’, ‘दिसते’. मजकुरातल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात म, लि किंवा दि. एकही अक्षर लिहिता आले नाही तर ते वाक्य काढायचे. पहिल्या खर्ड्यातली जवळजवळ एक पानभर वाक्ये अशी गेली.

उदाहरण, नाशिक हे नाव. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ती जागा म्हणून नाशिक: म्हणतात. नऊ शिखरांवरून नाशिक: हेही म्हणतात. पांडवलेण्यांत लेणे क्रमांक १९ मध्ये सातवाहन राजा कृष्णाच्या काळचा लेख आहे, त्यात नाशिकचे नाव येते: लिहिले आहे. म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुने आहे हे नक्की, ते कशावरून पडले याचे उत्तर परंपरेकडे. दोन्ही सांगायचे, एकाने दुसरे खोडायचे नाही. मुघल काळात गावाला गुलशनाबाद म्हणत आणि मराठी अमलात जुने नाव परतले, तेही इथेच.

रामकुंडात अस्थी विरघळतात: म्हणतात. पात्रातल्या कुंडांवर २००३ च्या सिंहस्थाआधी काँक्रीट पडले आणि ते काढावे यासाठी नाशिककर लढत आले आहेत: ही गोष्ट सांगायलाच हवी. तळ काँक्रीटचा झाला की खालचे झरे कोंडतात, पाणी मुरत नाही, कुंड स्वतःच्या पाण्यावर जगत नाही. वारशाबद्दल बोलताना फक्त शिखरे दाखवली आणि नदीचा तळ वगळला तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

३० नोव्हेंबर, पुणे

आवाजाची चाचणी. नाशिक गाठण्याआधी पुण्यातच करावी म्हणून ओंकारेश्वर निवडले. नदीकाठ, देऊळ आणि शेजारी वाहता रस्ता, तिन्ही एकत्र. चिमाजीअप्पांची समाधी इथलीच, आणि नारोशंकराच्या घंटेपाशी त्यांचे नाव पुन्हा येणार आहे.

कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याचा माइक घेऊन अठरा जण अर्धवर्तुळात उभे केले. नदीकडे तोंड करून बोलले तर आवाज मोकळ्यावर उडून जातो आणि मागच्या रांगेला काही कळत नाही. ऐकणाऱ्यांची पाठ भिंतीला आणि बोलणाऱ्याची पाठ नदीला, असे केल्यावर तोच आवाज निम्म्यावर ठेवूनही पुरला, कारण भिंत तो परत देते. स्पीकर कमरेऐवजी छातीशी, दोरीने. कमरेवर असला की पुढच्या रांगेतल्यांचे गुडघे ऐकतात. माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कडेला दोन बोटे अंतरावर, म्हणजे श्वास आदळत नाही. बॅटरी थंडीत लवकर उतरते, तेव्हा दुसरी भरलेली खिशात, पिशवीत नव्हे.

देवळाच्या आवारात माइक अजिबात लावायचा नाही. तिथे बाहेरच सगळे बोलून घ्यायचे आणि आत शांतपणे जायचे.

७ डिसेंबर, पुणे

काळारामाचा मजकूर सगळ्यात जास्त वेळा लिहावा लागला.

वास्तू सांगणे अवघड नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले, काळ्या दगडाचे, आवाराला कमानींच्या ओवऱ्या. पण या देवळाच्या दरवाजापाशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी इथली आघाडी सांभाळली. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

पहिल्या खर्ड्यात हे शेवटी, दोन ओळींत होते. ते उलटे केले. गट दरवाजाबाहेर उभा असतानाच सत्याग्रह सांगायचा, आत शिरण्याआधी, पूर्ण आठ मिनिटे. ज्या उंबऱ्यावरून आपण सहज आत जाणार आहोत तो उंबरा हाच लढ्याचा विषय होता, हे पाय टाकण्याआधी कळले पाहिजे. ओवऱ्या आणि शिखर आतून बाहेर आल्यावर, दोन मिनिटांत.

नारोशंकर: नारोशंकर राजेबहाद्दर, १७४७, महादेवाचे देऊळ, रामेश्वर. भोवती तटाची भिंत, बाहेरच्या अंगावर चोचीत माळ धरलेले मोर, माकडे, हत्ती. नदीकडच्या बाजूची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यानंतर अशा घंटा ठिकठिकाणच्या देवळांत आल्या. भीमाशंकरची आणि मेणवलीची पुणेकरांनी पाहिलेली असते, तेव्हा ओळख पटकन लागते. चर्चमध्ये घंटा वरून दोराने वाजत असे, देवळात लोलक हाताने हलवायचा. पण फेरीच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच: पुराचे पाणी नारोशंकराच्या घंटेला लागले म्हणजे महापूर, ही जुन्या नाशिकची भाषा. मारुती रोजच्या पुराची पट्टी आणि घंटा महापुराची. १९६९ चा पूर त्या भाषेत सांगितला जातो, नंतर २००८, २०१६ आणि २०१९.

१४ डिसेंबर, पुणे

तारीख. रविवारांची यादी कालनिर्णयाशी ताडून पाहिली.

१८ जानेवारी पौष अमावास्या. रामकुंडावर तर्पणाची गर्दी, नको. २५ जानेवारी रथसप्तमी, शिवाय दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, म्हणजे जोडून सुट्टी आणि महामार्ग तुंबलेला. १ फेब्रुवारी माघी पौर्णिमा, स्नानाचा दिवस. १५ फेब्रुवारी महाशिवरात्र, कपालेश्वर आणि नारोशंकर दोन्हीकडे रांगा. मधला ८ फेब्रुवारी मोकळा. तोच.

गावातल्या फेरीला रविवार पुरतो, तीर्थातल्या फेरीला तिथी बघावी लागते. हे पहिल्याच दिवशी बघायला हवे होते, कारण दोन ठिकाणी राहण्याची चौकशी १८ तारखेसाठी झाली होती आणि ती मागे घ्यावी लागली.

पुढच्या वर्षाचाही अंदाज: सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि नाशिकची मुख्य स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ ला. २०२७ च्या जून ते सप्टेंबरात फेरी ठेवायचीच नाही. त्याआधीही पंचवटीत कामे चालू असल्याने वाट आदल्या दिवशी पायी तपासल्याशिवाय गट न्यायचा नाही.

४ जानेवारी २०२६, नाशिक (दुसरी पाहणी)

पाण्याचा नियम आज लिहून पक्का केला.

गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला पंधरा किलोमीटरच्या आसपास. पाणी सुटल्यावर रामकुंडापर्यंत पोचायला दीड-दोन तास धरायचे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आकडा लहान वाटला तरी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर तो लगेच दिसतो. पावसाळ्याबाहेरही खालच्या भागासाठी पाणी सोडले जाते आणि कोरडी वाटणारी पायरी तासाभरात ओली होते. म्हणून: फेरीच्या सकाळी सहाला विसर्गाची बातमी बघायची. काहीही विसर्ग चालू असेल तर खालचा घाट रद्द, गट वरच्या रस्त्यानेच. जून ते सप्टेंबर खालचा घाट नाहीच.

परतीचा पूल. नारोशंकराजवळून भांडी बाजाराकडे जाणारा रामसेतू जवळचा, पण बुटका आणि जुना. तो बंद असला तर खालच्या अंगाचा गाडगे महाराज पूल, आठ-दहा मिनिटे जास्त. पुढे चालणाऱ्याने काळारामाच्या थांब्यावरूनच पुढे जाऊन पूल बघून यायचा आणि खूण करायची. पुलापाशी पोचून गट मागे फिरवणे टाळायचे, तिथे माणसे सांडतात.

भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल: हा सखल भाग. खालून सरस्वती नाला जातो. नदी फुगली की नाल्याला तोंड मिळत नाही, पाणी उलटे बाजारात येते. म्हणजे पंचवटीत पूर समोरून दिसतो आणि इथे तो पायाखालून येतो. दुकानांचे उंबरे आणि ओट्यांची उंची नजरेने मोजत चालायला लावायचे, कुठल्या दुकानाने किती पायऱ्या चढवल्या आहेत. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात. सरकारवाडा इथेच, पेशवाई काळातला, उंच जोत्यावर. जोते एवढे उंच का, हे त्या वेळी वेगळे सांगावे लागत नाही.

जुनी तांबट लेन वाटेत येते, वेळ असेल तर. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीचे मठारकाम, म्हणजे भांड्यावर ठोके देण्याचे काम, ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठोक्यांचा आवाज ओळखीचा. तिवंधा चौकात आणि शनी चौकात रस्त्याखाली रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, आहेत, रंगपंचमीला उघडतात आणि एरवी वर फक्त रस्ता. चालता चालता बोट दाखवायचे.

गढीवर चढायचे नाही. वर वस्ती आहे, कडा दर पावसाळ्यात ढासळतात, आणि लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या घराखालचे थर दाखवणे बरे नव्हे. खालून, लांबून, कड्याची कापलेली माती दिसेल अशा जागी उभे राहायचे. भांडे तिथे काढायचे.

८ फेब्रुवारी, नाशिक

फेरी झाली. सूर्योदय सातच्या सुमारास, सुरुवात ७.१०, शेवट १०.४०. सोळा मिनिटे जास्त लागली. त्यातली बारा काळारामापाशी गेली: चपला ठेवणे, शोधणे. पुढच्या वेळी मागच्या माणसाकडे दोन मोठ्या कापडी पिशव्या, नऊ-नऊ जोड, बाहेरच थांबणार.

विसर्ग नव्हता. रामसेतूवरून गेलो.

रामकुंडावर कुणीही फोटो काढला नाही. आधी दोनदा सांगितल्याचा उपयोग झाला. गटातल्या एकांनी आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय शोधायचे म्हटले. नाशिकच्या पुरोहितांकडे घराण्यांच्या नामावळ्यांच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगून शोधाव्या लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून ते फेरीनंतर दुपारी. पुढच्या फॉर्ममध्ये मूळ गाव हा रकाना घालायचा, ज्यांना हवे त्यांची चौकशी आधी करता येईल.

दुतोंड्या मारुतीपाशी माणसे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळली. प्रत्येक जण आधी स्वतःच्या गुडघ्याकडे आणि मग मूर्तीच्या गुडघ्याकडे बघत होता. या थांब्याला दोन मिनिटे वाढवून द्यायची, सुंदरनारायणातून काढून.

भांडे गढीपाशी सुखरूप पोचले, पण हातोहात फिरताना टोटीला धरूनच उचलले जाते. देताना दोन्ही तळहात खाली धरायला सांगायचे. आता दोन नग उरले आहेत.

पुढची तारीख २२ मार्च. ८ मार्चला रंगपंचमी, त्या दिवशी जुन्या नाशिकात पाय ठेवायला जागा नसते. २९ मार्चला एकादशी, रथाचा दिवस. २२ ला सुंदरनारायणाच्या किरणांची वेळ साधते, पण सूर्योदय साडेसहाच्या आसपास असल्याने सव्वासहाला देवळापाशी उभे असायला हवे. त्यामुळे चहा होळकर पुलाच्या पलीकडे गेल्यावर, आणि आदल्या शनिवारी देवळाचा दरवाजा किती वाजता उघडतो हे प्रत्यक्ष विचारून ठेवायचे.